तासाभराच्या अंतरावरचे उत्तर

वाचकहो, या सदरात आपण ठेवी, विमा, वारसनोंद आणि कर्जफेड यांविषयी अनेकदा बोललो. या वेळचा विषयही पैशापासूनच सुरू होतो. मात्र तो बँकेच्या काउंटरवर संपत नाही. तो आपल्या मुलामुलींच्या महाविद्यालयातील एका खिडकीपाशी जाऊन थांबतो. त्या खिडकीवर ‘विद्यार्थी विभाग’ किंवा ‘शिष्यवृत्ती’ अशी पाटी असते. आपण पालक तिथे वर्षातून एकदोनदा जातो, बहुधा तक्रार घेऊन जातो, आणि पलीकडे बसलेल्या व्यक्तीचे नावही विचारत नाही.

पेणहून अलिबागच्या रस्त्याला लागले की वडखळनंतर धरमतरची खाडी येते. आमच्या आजोबांच्या पिढीतील माणसे मुंबईहून बोटीने धरमतरला उतरत आणि पुढचा प्रवास टांग्याने किंवा बैलगाडीने करीत. आता पूल आहे. या पुलापलीकडच्या एका गावातील किराणा दुकानदार दोन वर्षांपूर्वी, पर्युषणाच्या आधीच्या आठवड्यात, माझ्या घरी आले. दुकान लहान, व्यवहार चोख. सोबत त्यांची मुलगी होती, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारी.

“साहेब, हिची शिष्यवृत्ती मंजूर झाली असे कॉलेज म्हणते. पैसे खात्यात जमा झाले असेही म्हणते. म्हणून आता गेल्या वर्षीची फी मागतात. आणि पासबुकात तर एक रुपया नाही. मग पैसे गेले कुठे?”

हा प्रश्न मला विचारलेला नसून मुलीला विचारलेला आहे, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती खाली मान घालून बसली होती. व्यापाऱ्याच्या घरात हिशेब न लागणे ही लहान गोष्ट नसते. महिनाभर घरात तोच विषय चालू होता. पुढचे वर्ष घरी बसून दुकानाची वही लिहावी, असेही ठरू लागले होते.

मी तिला विचारले, “बेटा, शाळेत असताना तुझे कुठे खाते काढले होते का?”

ती म्हणाली, “काका, पाचवीत असताना आईच्या माहेरी राहत होते, तेव्हा शाळेत शिबिर झाले होते. पण ते खाते आम्ही कधी वापरलेच नाही.”

उत्तर तिथेच होते. सरकारी योजनेचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने येतात, तेव्हा ते बहुधा अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. ते आधार क्रमांकाच्या आधारे जातात. कोणत्या आधार क्रमांकाला कोणती बँक जोडलेली आहे, याची नोंद नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे असते. तिथे जी बँक शेवटची नोंदलेली असेल, तिकडे रक्कम वळते. मुलीने महाविद्यालयात आल्यावर नवे खाते उघडले, त्या वेळी आधार कार्डाची प्रतही दिली. पण ती केवळ ओळखपत्र म्हणून. डीबीटीसाठी आधार जोडण्याची संमती वेगळी द्यावी लागते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. जोडणी जुन्याच खात्याशी राहिली होती. त्या खात्याला दिलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडल्यामुळे संदेशही कुणाला मिळाला नाही.

आठवडाभरात शोध लागला. पूर्ण रक्कम आजोळच्या शाखेत सुरक्षित पडून होती. दुकानदारांनी फोनवर मला हे सांगितले, तेव्हा काही क्षण त्यांच्याच्याने बोलवेना. “साहेब, पोरीवर उगाच संशय घेतला,” एवढेच ते म्हणाले.

इथे मला माझ्या बाजूचाही जमाखर्च मांडला पाहिजे. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली, तेव्हा मी नोकरीत होतो. गावोगावी शिबिरे घेऊन आम्ही खाती उघडली, आधार जोडले, संध्याकाळी आकडे वर कळवले. आकडा गाठण्याच्या घाईत किती जणांना आम्ही सांगितले, की ‘यापुढे तुमचे सरकारी पैसे या खात्यात येतील, हे लक्षात ठेवा’? मी स्वतः फारच थोड्यांना सांगितले. त्या मुलीचा अर्ज माझ्या शाखेतला नव्हता, पण तसे अनेक अर्ज माझ्या सहीने गेले आहेत. म्हणून हे प्रकरण एका घरापुरते मिटले, तरी मला ते सोडवेना. मी महाविद्यालयात गेलो.

शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या बाई वरिष्ठ लिपिक होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग कपाटातून एक फाइल काढली. “पैसे मिळाले नाहीत म्हणणारे आणखी सातआठ जण आहेत, काका. संगणकावर ‘रक्कम वितरित’ असे दिसते. मुले म्हणतात मिळाली नाही. आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा?” फाइलमधील एका नावावर त्यांचे बोट थांबले. खाडीकाठच्या गावातील मुलगा, आदल्या वर्षी फी न भरता आल्याने शिक्षण सोडून वडखळला ट्रान्सपोर्टच्या कामाला लागलेला. त्याच्या घरी निरोप पाठवला. त्याचेही पैसे जुन्या खात्यात निघाले. पैसे सापडले, गेलेले वर्ष मात्र सापडले नाही.

पुढच्या पंधरवड्यात एका नातेवाइकाच्या कामासाठी मी एसटीने तासा-दीड तासाच्या अंतरावरील दुसऱ्या महाविद्यालयात गेलो होतो. तिथल्या सूचनाफलकावर हाताने लिहिलेला एक कागद होता. ‘शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यापूर्वी आपले आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते आधारच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. जुने खाते दिसल्यास आधी बँकेत जाऊन बदल करा.’ कागद जुना, कडा पिवळ्या पडलेल्या. तिथल्या लिपिकाला ही अडचण तीन वर्षांपूर्वीच कळली होती आणि त्याने ती सोडवलीही होती. मी त्याला पहिल्या बाईंविषयी सांगितले. तो म्हणाला, “त्यांची माझी ओळख नाही. ओळख होणार तरी कशी?”

ही गोष्ट मला फार लागली. एका खाडीच्या परिसरातली, एकाच विद्यापीठाशी संलग्न असलेली दोन महाविद्यालये. एकीकडे प्रश्न होता, दुसरीकडे उत्तर होते. मध्ये तासाभराचा रस्ता होता. त्या रस्त्यावरून आपल्या दुकानांचा माल रोज ये-जा करतो; पण एका कर्मचाऱ्याचे शहाणपण दुसऱ्यापर्यंत तीन वर्षांत पोहोचले नाही.

आपण व्यापारी माणसे ओळखीचे मोल जाणतो. कोणत्या गावची पार्टी वेळेवर पैसे देते, कुठल्या मालाला यंदा उठाव नाही, नव्या कराचा फॉर्म कसा भरायचा, हे आपण बाजारातच एकमेकांना विचारून शिकतो. समोरासमोर दुकान असलेले दोन प्रतिस्पर्धीही अडचणीच्या वेळी एकमेकांना विचारतात. बँकांनीही हे ओळखले आहे. लीड बँक योजना १९६९ मध्ये आली आणि तिच्यातून पुढे तालुका पातळीवर बँकर्सची समिती आकाराला आली. तालुक्यातील सर्व बँकांचे शाखाधिकारी दर तिमाहीस एकत्र बसतात. ठेवीसाठी आम्ही एकमेकांचे गिऱ्हाईक पळवत असू, पण त्या बैठकीत पीककर्जाचे कोणते प्रकरण कुठे अडले हे मोकळेपणाने सांगत असू. नव्या ठिकाणी बदली झाली की मी पहिली चौकशी त्या बैठकीच्या तारखेची करीत असे. बँकिंगच्या परीक्षांतून मी नियम शिकलो. काम शिकलो ते अशा बैठकींच्या आधीच्या आणि नंतरच्या चहावर.

विद्यार्थ्यांची कामे पाहणाऱ्यांना असा चहा क्वचितच मिळतो. ही माणसे कोण, तेही पाहू. शिष्यवृत्तीचा लिपिक, वसतिगृहाचा अधीक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी, सांस्कृतिक विभागाचा समन्वयक, रोजगार मार्गदर्शन करणारा प्राध्यापक, तक्रार निवारण समितीचा सदस्य. यांतील पुष्कळ जण मूळचे शिक्षक किंवा कार्यालयीन कर्मचारी असतात आणि हे काम ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून त्यांच्याकडे येते. त्यासाठी कुणी पदवी घेतलेली नसते. कामाची व्याप्ती मात्र वाढतच गेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ मध्ये आले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद केली. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाज राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाल्यापासून शिष्यवृत्तीच्या खिडकीशी आपल्या घरांचाही संबंध वाढला आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. महाडीबीटीवरील प्रत्येक अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर तपासून पुढे पाठवावा लागतो; तो तिथेच राहिला तर मुलाचे वर्ष अडते.

या कामाची थोरवी सांगणारा एक माणूस आपल्याच मातीतला आहे. चिंतामणराव देशमुख १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्मले आणि रोह्याशी त्यांचे घरचे नाते होते. आम्हा बँकवाल्यांना ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून वंदनीय. १९५२च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. अर्थमंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सेवेचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. शालान्त शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सेवा करावी, असे त्या समितीने सुचवले. सूचना त्या स्वरूपात अमलात आली नाही. खर्चाचा आणि व्यवस्थेचा प्रश्न मोठा होता. पण विचार विझला नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आरंभी विद्यार्थी होते ४० हजार. शंभर स्वयंसेवकांच्या एककामागे एक कार्यक्रम अधिकारी, दोन वर्षांत २४० तास सेवा आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर, ही तिची रचना आपल्या घरांतील पुष्कळ मुलांनी अनुभवली आहे.

चिंतामणरावांची दुसरी एक बाजू या विषयाच्या अधिक जवळची आहे. हैदराबादला १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजचे ते पुढे दीर्घकाळ अध्यक्ष होते. इंग्लंडमधील हेन्ली येथील संस्थेच्या धर्तीवर ही संस्था उभी राहिली. सरकारी खाती, सार्वजनिक उद्योग आणि खासगी कंपन्या यांतील अनुभवी अधिकाऱ्यांनी काही आठवडे एकत्र राहावे आणि एकमेकांकडून शिकावे, अशी तिची कल्पना. अनुभवी माणसाला आणखी व्याख्याने नको असतात. त्याला त्याच्यासारखेच काम करणारा दुसरा माणूस भेटावा लागतो. हे मोठ्या पदांसाठी मान्य झाले. महाविद्यालयाच्या खिडकीमागच्या माणसालाही ते तितकेच लागू आहे.

अमेरिकेत या व्यवसायाची संघटना कशी जन्मली, ते पाहण्यासारखे आहे. आयोवा विद्यापीठात विद्यार्थ्यांचे काम पाहणारे अधिष्ठाता रॉबर्ट रिनाऊ यांनी इलिनॉय विद्यापीठातील आपल्यासारखेच काम करणाऱ्या थॉमस आर्कल क्लार्क यांना पत्र लिहिले आणि भेटीची कल्पना मांडली. १९१९ मध्ये मॅडिसन येथे मोजके अधिष्ठाता एकत्र बसले. त्या छोट्या बैठकीतून आज ‘नास्पा’ या नावाने ओळखली जाणारी मोठी संघटना वाढली. मुळाशी होते एक पत्र.

त्याच १९१९ साली आपल्याकडे काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. पुढे १९२४ मध्ये साताऱ्याला त्यांनी स्वतःचे वसतिगृह सुरू केले, तेव्हा मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. विद्यार्थी केवळ वर्गात घडत नाही. त्याची राहण्याची, खाण्याची आणि फीची चिंता कुणीतरी वाहावी लागते, हे आपल्या समाजाने बोर्डिंगच्या रूपाने फार पूर्वीच ओळखले होते. आज ती चिंता वाहणारा माणूस पगारी आहे, म्हणून त्याचे काम हलके ठरत नाही.

आता पुढे काय झाले ते सांगतो. मी त्या बाईंना आणि त्या लिपिकाला एका शनिवारी दुपारी पेणला माझ्या घरी चहाला बोलावले. बाईंनी आपल्या महाविद्यालयातील सेवा योजनेच्या प्राध्यापकांना आणले. लिपिकासोबत एका वसतिगृहाच्या अधीक्षक आल्या. पाच माणसांची ती बैठक तासाभराची ठरली होती. ती अडीच तास चालली. आरंभी सारे जरा संकोचले. आपल्या संस्थेची उणीव परक्यांपुढे कशी बोलावी, हा तो संकोच. तेव्हा मी बँकेतला एक नियम सांगितला, ‘प्रकरण सांगा, खातेदाराचे नाव सांगू नका.’ विद्यार्थ्यांची नावे इथे उच्चारायची नाहीत, हे ठरताच बोलणे मोकळे झाले.

अधीक्षकबाईंना एक मुलगी रात्री जेवत नाही याची चिंता होती. कारण आजारपण नसून घरची ओढाताण आहे, हे कसे ओळखायचे ते प्राध्यापकांनी शिबिरातील अनुभवावरून सांगितले. प्राध्यापकांना शिबिराच्या खर्चाचा हिशेब जमत नव्हता. तो लिपिकाने अर्ध्या तासात समजावला. त्या दिवसापासून दर तीन महिन्यांनी ही मंडळी भेटतात. एक साधी वही आहे. तिच्यात तीनच रकाने: काय अडले, कसे सुटले, कुणाला विचारावे. मोठे नाव नाही, वर्गणी नाही, हारतुरे तर नाहीतच. आधारच्या जोडणीची सूचना आता तिन्ही ठिकाणी जूनमध्येच लागते.

सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. एका संस्थेत वरिष्ठांनी विचारले, “कार्यालयाचे काम सोडून या भेटी कशाला?” ते प्राध्यापक पुढे सेवा योजनेच्या कार्यभारातून मुक्त झाले. या पदाची मुदत साधारण तीन वर्षांचीच असते. त्यांच्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्यांना आधीच्या कामाची एक ओळही लेखी मिळाली नव्हती. बँकेत शाखेचा चार्ज देताना किल्ल्यांपासून प्रलंबित प्रकरणांपर्यंत सारे लिहून द्यावे लागे. इथे माणूस बदलला की अनुभव त्याच्याबरोबर घरी जातो आणि नव्या माणसाची शिकवणी पुन्हा विद्यार्थ्यांच्या खर्चाने सुरू होते.

म्हणून आपणापैकी जे शिक्षण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांना माझी विनंती आहे. इमारतीच्या निधीइतकेच लक्ष या माणसांकडे द्यावे. तिमाहीतून एकदा अर्धा दिवस कामावरची रजा आणि एसटीचे भाडे, एवढाच या भेटींचा खर्च आहे. कार्यभार बदलताना लेखी टिपण सक्तीचे करावे. आणि वार्षिक मूल्यमापनात किती कागद हलले याबरोबरच किती मुलांचे अडलेले काम सुटले, हेही विचारावे. ज्याच्या शिकण्याची नोंद कुणीच घेत नाही, तो फार काळ शिकत राहत नाही.

जे केवळ पालक आहेत, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. मुलांचे आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते याच आठवड्यात पाहून घ्यावे, आणि पुढच्या वेळी त्या खिडकीपाशी गेल्यावर आधी पलीकडच्या व्यक्तीचे नाव विचारावे.

पुलापलीकडची ती मुलगी यंदा पदवीधर झाली. दुकानाची वही ती आता लिहिते खरी, पण संध्याकाळी. दिवसा ती एम. कॉम.च्या वर्गाला जाते. वडखळच्या त्या मुलाला महाविद्यालयाच्या बाईंनी दोनदा निरोप धाडला. तो म्हणाला, “आता नोकरी लागली, मॅडम. पुढच्या वर्षी बघू.” बाईंनी त्याचा अर्ज फाइलमध्ये सर्वांत वर ठेवला आहे.